गोळीतले आम्ल झाकले, तरी जठर का सोलवटते?

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, अ‍ॅस्पिरिन अशा दाहशामक वेदनाशामकांविषयी आलेल्या प्रश्नांत एक धागा समान होता: रेणूतच फेरफार करून ही औषधे पोटाला सोसतील अशी करता येत नाहीत का? काही प्रश्न रुग्णांचे आहेत, काही औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे. उत्तरांची लांबी प्रश्नाच्या वकुबानुसार कमीजास्त आहे.

प्रश्न: जठरात मुळातच तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल असते. मग गोळीतल्या सौम्य आम्लाने असे काय बिघडते?

सौम्य आहे म्हणूनच बिघडते. हायड्रोक्लोरिक आम्लाचे पाण्यात पूर्ण आयन होतात आणि आयनांना पेशीचे स्निग्ध आवरण सहजी ओलांडता येत नाही. आयब्युप्रोफेन स्वतः सौम्य आम्ल आहे, त्याचे तसे नाही. त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू आयन झालेले असतात तो आकडा) सुमारे ४.५ आहे. जठरातला पीएच १.५ धरला तर फरक ३ चा, दर एकाला दहापट, म्हणजे तिथे १००० रेणू आयन न झालेले आणि १ आयन झालेला. आयन न झालेला रेणू तेलकट असतो, तो अस्तराच्या पेशीत सहज शिरतो. पेशीच्या आत पीएच ७.४ च्या आसपास. तिथे गणित उलटते: आयन न झालेल्या एका रेणूमागे सुमारे ८०० आयन झालेले. त्यांना बाहेर पडायचा रस्ता बंद. आत येणे सोपे, बाहेर जाणे अवघड, त्यामुळे पेशीत औषधाचा साठा होत जातो.

हा साठा तंतुकणिकांना, म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांना, नडतो. तेलकट आणि आम्लधर्मी असा दुहेरी गुण असलेला रेणू तंतुकणिकेच्या पटलातून प्रोटॉनची चोरटी ने-आण करतो. पेशी ऑक्सिजन जाळत राहते, पण ऊर्जा तयार होत नाही. पेशींमधले सांधे सैल पडतात आणि त्या फटींतून जठरातले खरे तीव्र आम्ल आत झिरपते. शिवाय अस्तरावरच्या श्लेष्मात फॉस्फोलिपिडांचा एक पाणी न धरणारा थर असतो, त्यालाही ही औषधे चिकटतात आणि तो ओला पडतो.

ही झाली पहिली इजा, स्पर्शाची. दुसरी रक्तातून येते. १९७१ मध्ये जॉन वेन यांनी दाखवले की ही औषधे प्रोस्टाग्लँडिन हे सूज आणणारे रसायन शरीरात तयार होणे थांबवतात. सांध्यातली सूज त्यामुळेच उतरते. पण जठराच्या अस्तरातला श्लेष्मा, बायकार्बोनेट आणि रक्तपुरवठा हेही प्रोस्टाग्लँडिनच्याच भरवशावर चालते आणि तिथले ते बनवण्याचे काम मुख्यत्वे कॉक्स-१ या एन्झाइमचे असते. हे एन्झाइम बंद पडले की औषध पोटात तोंडावाटे गेले की सुईने, याला फारसे महत्त्व उरत नाही. गुदमार्गे दिलेल्या औषधानेही जठरात व्रण होऊ शकतो तो यामुळेच.

पुढची सगळी उत्तरे वाचताना एवढे धरून ठेवा: एखाद्या ‘सुधारित’ औषधाने यांतली कोणती इजा टाळली, पहिली की दुसरी?

प्रश्न: डायक्लोफेनॅक सोडियमऐवजी डायक्लोफेनॅक पोटॅशियम घेतले तर पोटाला कमी त्रास होतो का? शेवटी तोही रासायनिक बदलच ना?

नाही. सोडियम किंवा पोटॅशियम जोडणे म्हणजे क्षार करणे. त्यात सहसंयुज बंध बदलत नाही. जठरातल्या आम्लात क्षार पडला की सोडियम सुटतो आणि मूळ आम्ल मोकळे होते. पोटॅशियम क्षाराची साधी गोळी लवकर विरघळते, म्हणून आराम लवकर वाटतो. क्षार बदलून फरक पडतो तो वेगात. जठराच्या सुरक्षिततेचा हिशेब तोच राहतो.

प्रश्न: अ‍ॅस्पिरिन हेच पोट सांभाळण्यासाठी केलेले रूपांतर होते असे म्हणतात. मग त्यानेच सर्वाधिक रक्तस्राव कसा?

या शाखेतला सर्वांत बोलका विरोधाभास आहे हा. १८७६ पासून सांधेदुखीवर सॅलिसिलिक आम्ल मोठ्या मात्रेत दिले जात होते आणि ते जठराला भयंकर झोंबायचे. १८९७ मध्ये बायरच्या प्रयोगशाळेत फेलिक्स हॉफमन यांनी त्याच्या फिनॉलगटावर अ‍ॅसिटिल बसवून शुद्ध पदार्थ मिळवला. (अशुद्ध स्वरूपात तो १८५३ मध्ये गेरहार्ट यांनीही केला होता.) झोंबणे कमी झाले हे खरे.

पण झाकला गेला तो फिनॉलगट. कार्बॉक्सिलिक गट, म्हणजे रेणूचा खरा आम्लगट, मोकळाच राहिला. आणि बसवलेले अ‍ॅसिटिल नुसते झाकण ठरले नाही. कॉक्सच्या पोकळीत गेल्यावर अ‍ॅस्पिरिन ते अ‍ॅसिटिल तिथल्या सेरीन या अमिनो आम्लाला कायमचे चिकटवून टाकते. ते एन्झाइम पुन्हा उठत नाही. प्लेटलेटना केंद्रक नसते, त्यामुळे त्या नवे एन्झाइम बनवू शकत नाहीत. त्यांचे ८ ते १० दिवसांचे उरलेले आयुष्य थ्रॉम्बॉक्सेन या गुठळी बांधायला लावणाऱ्या रसायनाविना जाते. जठरात ओरखडा उठतो आणि नेमक्या त्याच वेळी रक्त गोठण्याची क्षमता घटलेली असते. पोटासाठी बसवलेल्या गटानेच हृदयविकारातले एक मोलाचे औषध दिले आणि रक्तस्रावाची जोखीमही वाढवली.

उलट सॅल्सॅलेट पाहा. त्यात सॅलिसिलिक आम्लाचे दोन रेणू एस्टर बंधाने एकमेकांना जोडलेले आहेत, अ‍ॅसिटिल नाही. जठरातल्या आम्लात ते जवळजवळ विरघळतच नाही, आतड्यात विरघळते, तिथून पुढे तुटते आणि प्लेटलेटना फारसे छेडत नाही.

प्रश्न: ‘प्रोड्रग’ म्हणून विकली जाणारी वेदनाशामके खरोखर जठराला सुरक्षित असतात का?

नावावर जाऊ नका, रचना पाहा. प्रोड्रग म्हणजे शरीरात गेल्यावर रूपांतर होऊन कामाला लागणारा रेणू. पण रूपांतर रेणूच्या कोणत्या टोकाला होते, यावर जठराचे भवितव्य ठरते.

लॉक्सोप्रोफेनमध्ये कीटोनगटाचे क्षपण होऊन क्रियाशील अल्कोहोल बनते, पण कार्बॉक्सिलिक गट पहिल्यापासून उघडाच असतो. सुलिंडॅकमध्ये सल्फॉक्साइडचा सल्फाइड होतो, आम्ल तसेच. अ‍ॅसेक्लोफेनॅक हा डायक्लोफेनॅकचा ग्लायकोलिक आम्लाशी केलेला एस्टर. म्हणजे एक आम्लगट झाकला आणि ग्लायकोलिकच्या शेपटीवर दुसरा आला. वापरात ते डायक्लोफेनॅकपेक्षा पोटाला काहीसे सौम्य पडते, पण त्याचे श्रेय आम्ल झाकण्याला देता येणार नाही.

खरोखर आम्लगट नसलेला रेणू म्हणजे नॅब्युमेटोन. तो कीटोन आहे. जठरातून जाताना पेशीत अडकत नाही, तंतुकणिकांना छळत नाही. यकृतात त्याचे ६-मिथॉक्सी-२-नॅप्थिलअ‍ॅसिटिक आम्ल होते आणि तेच काम करते. किंमत अशी की १००० मिलिग्रॅम पोटात गेले तर त्यातले साधारण ३५ टक्केच या आम्लात उतरते. आणखी एक फायदा: हे आम्ल पित्तावाटे पुन्हा आतड्यात उतरत नाही. डायक्लोफेनॅकचे ग्लुकुरोनाइड मात्र पित्तातून आतड्यात येते, तिथले जिवाणू ते तोडतात आणि मोकळे डायक्लोफेनॅक लहान आतड्याच्या अस्तराला पुन्हा भिडते. जठर वाचवले आणि आतडे गेले, असे होते ते इथे.

प्रश्न: एम. फार्म.च्या प्रकल्पासाठी आयब्युप्रोफेनचा एस्टर (आम्लगट अल्कोहोलने झाकलेला रेणू) डीसीसी-डीएमएपी पद्धतीने करतो आहे; डीसीसी आम्ल आणि अल्कोहोल जोडते, डीएमएपी उत्प्रेरक. उतारा ४० टक्क्यांच्या वर जात नाही, एक पांढरा पदार्थ पिच्छा सोडत नाही, आणि उंदराच्या प्लाझ्मात पटकन तुटणारा एस्टर मानवी प्लाझ्मात तुटतच नाही. चूक कुठे?

तीन वेगळ्या चुका आहेत. आधी भांड्यातली.

१० मिलिमोल प्रमाण धरा: आयब्युप्रोफेन २.०६ ग्रॅम, अल्कोहोल ११ मिलिमोल, डीएमएपी १ मिलिमोल म्हणजे ०.१२ ग्रॅम, कोरडे डायक्लोरोमिथेन ३० ते ४० मिलिलिटर. बर्फात ० ते ५ अंशांवर ठेवून डीसीसी २.२७ ग्रॅम थोड्या डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवून १०-१५ मिनिटांत थेंबथेंब घाला. अर्धा तास बर्फात, मग खोलीच्या तापमानाला रात्रभर. डीसीसी कातडीला लागले तर कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते. हातमोजे आणि धूरकपाट याला पर्याय नाही.

उतारा घटण्याचे पहिले कारण ओलावा. पाण्याचा प्रत्येक रेणू डीसीसीचा एक रेणू खातो आणि हाती युरिया देतो. द्रावक ओलावा शोषणाऱ्या चाळणीकणांवर रात्रभर ठेवलेले असावे. दुसरे कारण उष्णता आणि घाई. आम्ल आणि डीसीसी मिळून आधी ओ-अ‍ॅसिलआयसोयुरिया बनतो. अल्कोहोल वेळेवर भेटले नाही तर तो स्वतःतच फिरून एन-अ‍ॅसिलयुरिया होतो आणि तिथून परतीची वाट नाही. डीएमएपी त्या मधल्या रेणूला अल्कोहोलच्या आधी गाठून पुढे पाठवते. म्हणून डीसीसी घालण्यापूर्वी अल्कोहोल आणि डीएमएपी भांड्यात असलेच पाहिजेत. क्रम उलटला असेल तर तुमचे ४० टक्के तिथेच मुरले आहेत.

पिच्छा न सोडणारा पांढरा पदार्थ बहुधा डायसायक्लोहेक्झिलयुरिया. डायक्लोरोमिथेनमध्ये तो थोडा विरघळून राहतो, त्यामुळे एकदा गाळून भागत नाही. द्रावक उडवा, उरलेले थोड्या थंड इथिल अ‍ॅसिटेटमध्ये घ्या, तासभर फ्रीजमध्ये ठेवा, पुन्हा गाळा. त्यानंतर धुणे: ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने डीएमएपी जाते, ५ टक्के सोडियम बायकार्बोनेटने न लागलेले आयब्युप्रोफेन जाते, शेवटी मिठाचे संपृक्त पाणी. बायकार्बोनेटच्या वेळी वायू सुटतो. फनेल हलवताना तोटी वारंवार उघडा. थर वेगळे होत नसतील तर जोरजोरात हलवणे थांबवा आणि थोडे मिठाचे पाणी घाला. एवढा व्याप नको असेल तर डीसीसीच्या जागी त्याच कामाचे ईडीसी घ्या, त्याचा युरिया पाण्यातच निघून जातो.

पदार्थ शुद्ध झाला का? अवरक्त वर्णपटात आम्लाचा २५०० ते ३३०० प्रतिसेंटिमीटरमधला पसरट पट्टा नाहीसा व्हायला हवा आणि कार्बोनिल १७२० च्या आसपासून १७३५-१७४० कडे सरकायला हवा. टीएलसी (पातळ थरावर पदार्थ वेगळे करण्याच्या) पट्टीवर ब्रोमोक्रेसॉल ग्रीन फवारा. निळ्या पट्टीवर पिवळा ठिपका दिसला तर मोकळे आम्ल उरले आहे. हे तपासणे टाळलेत तर पुढच्या प्रयोगात ते उरलेले आयब्युप्रोफेनच तुम्ही ‘सुटलेले औषध’ म्हणून मोजाल.

आता प्लाझ्मा. मानवी प्लाझ्मात कार्बॉक्सिलएस्टरेज नसते; उंदराच्या प्लाझ्मात ते भरपूर असते. त्यामुळे उंदरातला झटपट निकाल माणसाबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय आयब्युप्रोफेनच्या कार्बोनिलशेजारी मिथिलची फांदी आहे, ती एन्झाइमला आडवी येते. साधा मिथिल किंवा इथिल एस्टर मानवी प्लाझ्मात जवळजवळ तसाच बसून राहतो. याच अडचणीवर १९८० च्या दशकात बुन्डगार्ड आणि नील्सन यांनी ग्लायकोलअमाइड एस्टर सुचवले. नायट्रोजनवर दोन अल्किल गट असलेले हे एस्टर मानवी प्लाझ्मातल्या ब्युटिरिलकोलिनएस्टरेजला विशेष आवडतात. ते करण्यासाठी डीसीसीही लागत नाही: आम्ल, २-क्लोरो-एन,एन-डायइथिलअ‍ॅसिटअमाइड, ट्रायइथिलअमाइन आणि थोडे सोडियम आयोडाइड डीएमएफ या द्रावकात.

प्लाझ्माची नळी कोणती होती, हेही पाहा. साखर तपासण्याच्या फ्लोराइडच्या नळीतला प्लाझ्मा घेतला असेल तर फ्लोराइडनेच एस्टरेज दाबून टाकले असणार. हेपॅरिन किंवा सायट्रेटचा घ्या.

मोजणी अशी करा. ८० टक्के प्लाझ्मा, ३७ अंश, अ‍ॅसिटोनायट्राइलमधले मूळ द्रावण एकूण आकारमानाच्या १-२ टक्क्यांहून जास्त नको. ०, १५, ३०, ६०, १२०, २४० मिनिटांना १०० मायक्रोलिटर काढून ४०० मायक्रोलिटर थंड अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये टाका, १०,००० फेऱ्यांवर १० मिनिटे फिरवा, वरचे पाणी एचपीएलसी या मोजणीयंत्राला. ६० मिनिटांनी ८० टक्के एस्टर उरला असेल तर वेगस्थिरांक ०.२२३ भागिले ६०, म्हणजे मिनिटाला ०.००३७, अर्धायुकाल ०.६९३ भागिले हा आकडा, सुमारे १८६ मिनिटे. अर्थात दोन बिंदूंवर विसंबू नका, सगळ्यांची रेषा काढा. हेच ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात आणि पीएच ६.८ व ७.४ च्या बफरमध्ये करा. प्रत्येक वेळी एस्टर आणि आयब्युप्रोफेन यांची मोलमध्ये बेरीज घ्या. एस्टर घटतो आहे पण आयब्युप्रोफेन वाढत नाही, असे दिसले तर काही तुटलेले नाही. एस्टर साका होऊन नळीच्या भिंतीला बसला आहे. बफरमध्ये हे फार वेळा होते, आणि कित्येक प्रबंधांत ते ‘जलद विघटन’ म्हणून छापलेही जाते.

प्रश्न: आम्ल झाकले की रक्तातून होणारी दुसरी इजा उरतेच. तिच्यावर रसायनशास्त्राकडे काही नाही का?

आहे. कल्पना अशी की नुसते झाकण लावू नका, झाकणच उपयोगी असू द्या. नायट्रिक ऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे दोन वायू अस्तराचा रक्तपुरवठा टिकवतात आणि पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीला चिकटू देत नाहीत, म्हणजे प्रोस्टाग्लँडिनची उणीव काही प्रमाणात भरून काढतात. मग एस्टरच्या दुसऱ्या टोकाला यांतला एखादा वायू सोडणारा गट बसवायचा.

नेप्रोक्सिनॉडमध्ये नेप्रोक्सेनला ब्युटिल साखळीवरून नायट्रेटगट जोडला आहे. याची ७५० मिलिग्रॅमची मात्रा पाहून अनेकांना वाटते की औषध दुप्पट दिले. रेणुभार पाहा: नेप्रोक्सेन २३०.३, नेप्रोक्सिनॉड ३४७.४. ७५० गुणिले २३०.३ भागिले ३४७.४ म्हणजे ४९७. थोडक्यात, आत ५०० मिलिग्रॅमची नेहमीचीच गोळी आहे, बाकी वजन झाकणाचे. रक्तदाब न वाढवणे ही याची जमेची बाजू होती, तरी २०१० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने दीर्घकालीन सुरक्षिततेची माहिती अपुरी म्हणून मंजुरी नाकारली.

सल्फाइडवाल्यांत ओटेनाप्रोक्सेसुल हे नाव पुढे आले. निरोगी स्वयंसेवकांवरच्या दोन आठवड्यांच्या चाचणीत नेप्रोक्सेनच्या गटात सुमारे ४२ टक्के लोकांना व्रण झाले, या गटात ३ टक्क्यांहूनही कमी. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण मात्रा पाहा: इकडे दिवसाला २५० मिलिग्रॅम, ज्यात रेणुभाराच्या हिशेबाने नेप्रोक्सेन जेमतेम १५८ मिलिग्रॅम, तिकडे ५५० मिलिग्रॅमचा सोडियम क्षार दिवसातून दोनदा. तुलना करताना हे विसरू नये. पुढे यकृतातल्या एन्झाइमांची वाढ दिसल्याने या औषधाची गाडी अडखळली. वायू सोडून उरणारा तुकडाही शरीरालाच निस्तरावा लागतो, याकडे प्रोड्रग रचणाऱ्यांचे दुर्लक्ष होते, असे आम्हाला वाटते.

प्रश्न: मग कॉक्स-२ वरच काम करणारी औषधे हाच सरळ मार्ग नाही का?

जठरापुरता, हो. कॉक्स-२ हे सुजेच्या जागी प्रोस्टाग्लँडिन बनवणारे कॉक्स-१ चे भावंड. कॉक्स-१ मध्ये ५२३ व्या जागी आयसोल्यूसीन असते, कॉक्स-२ मध्ये व्हॅलीन. व्हॅलीन एका कार्बनाने लहान, तेवढ्यानेच बाजूचा एक कप्पा उघडतो. सेलेकॉक्सिबचा सल्फोनअमाइड त्या कप्प्यात जाऊन बसतो. कॉक्स-१ मध्ये त्याला जागाच होत नाही. आम्लगटही नाही, म्हणजे दोन्ही इजांवर उतारा. पण रक्तवाहिन्यांतले गुठळी रोखणारे प्रोस्टासायक्लिन मुख्यत्वे कॉक्स-२ बनवते आणि प्लेटलेटमधले थ्रॉम्बॉक्सेन कॉक्स-१. एकच बाजू दाबली की तोल गुठळीकडे झुकतो. रोफेकॉक्सिब २००४ च्या सप्टेंबरात हृदयविकाराच्या झटक्यांमुळे मागे घेतले गेले. सेलेकॉक्सिब टिकले, २०१६ च्या मोठ्या चाचणीत मध्यम मात्रेला ते हृदयाच्या बाबतीत आयब्युप्रोफेन किंवा नेप्रोक्सेनपेक्षा वाईट ठरले नाही. हृदयविकार असलेल्याने तरीही डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

विशेष म्हणजे इंडोमेथॅसिनच्या कार्बॉक्सिलिक गटाचा अमाइड केला तर तोही कॉक्स-२ कडे वळतो, हे व्हँडरबिल्ट विद्यापीठात लॉरेन्स मार्नेट यांच्या गटाने २००० मध्ये दाखवले. तेव्हा एखादा अमाइड प्लाझ्मात तुटत नाही म्हणून फेकून देण्यापूर्वी तो न तुटताच काम करतो का, ते एकदा तपासा.

प्रश्न: वय ७०, गुडघेदुखी, हृदयासाठी अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी रोज चालू. सोबत आतड्यात विरघळणारे आवरण असलेली डायक्लोफेनॅकची गोळी घेतली तर पोट सुरक्षित राहील ना?

नाही. आवरणाने फक्त जठरातला स्पर्श टळतो. वय ६५ च्या वर आणि सोबत अ‍ॅस्पिरिन, ही दोन कारणेच जोखीम वाढवायला पुरेशी आहेत; पूर्वी व्रण झाला असेल, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर आणखी. डॉक्टर सोबत ओमेप्राझोलसारखे आम्लरोधक देतील, ते नाश्त्याआधी अर्धा तास घ्यावे. ते जठर आणि त्याला लागून असलेला आतड्याचा भाग सांभाळते, पुढचे लहान आतडे सांभाळत नाही. म्हणून दुखणे गुडघ्यापुरते असेल तर आधी लावायचे जेल विचारा. आयब्युप्रोफेन आपल्या मनाने सुरू करू नका: कॉक्सच्या पोकळीत ते आधी जाऊन बसले तर अ‍ॅस्पिरिनला आत शिरता येत नाही आणि हृदयाचे संरक्षण कमी होते. डांबरासारखी काळी शौचास झाली, कॉफीच्या गाळासारखी उलटी झाली किंवा उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली तर डायक्लोफेनॅकची गोळी बंद करून लगेच रुग्णालय गाठा.

प्रश्न: हीच आवरणाची गोळी गिळता येत नाही. कुटून दिली तर चालेल?

चालणार नाही. कुटली की आवरण गेले आणि पूर्ण मात्रा एकदम जठरात मोकळी झाली. पातळ औषध किंवा पाण्यात विरघळणारी गोळी लिहून मागा.